चितळांच्या कळपातली उतरंड कशी ओळखायची: निरीक्षण आणि नोंदीची पद्धत

जंगलातून परतलेल्यांच्या वहीत एक वाक्य हमखास सापडतं: 'कळपाचा म्होरक्या मोठ्या शिंगांचा नर होता.' या एका वाक्यात तीन चुका आहेत. चितळांच्या कळपाला असा कायमचा म्होरक्या नसतो. कळप हलतो तेव्हा पुढे बहुतेक वेळा एखादी वयस्क मादी असते. आणि कोण कोणाला वचकून आहे, हे शिंगांच्या लांबीवरून कळत नाही. वचक ही दोन जनावरांमधली गोष्ट आहे. दोघं समोरासमोर आल्यावर वाट कोणी सोडली, एवढंच नीट पाहायचं आणि लिहायचं. पुढची सगळी पद्धत या एका नोंदीभोवती उभी आहे.

## सुरुवातीआधी: प्राणी आणि महिना नक्की करा

मराठीत आपण सरसकट 'हरीण' म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. काळवीट, चिंकारा, चौसिंगा ही कुरंग हरणं. त्यांची शिंगं पोकळ असतात आणि गळत नाहीत. चितळ, सांबर, भेकर, बारशिंगा ही सारंग हरणं. त्यांच्यात शिंगं फक्त नराला येतात, ती भरीव हाडाची असतात आणि गळून पुन्हा नवी येतात. काळविटाचा नर आपला इलाखा राखतो, चितळाचा नर राखत नाही. त्यामुळे काळविटावर वाचलेलं चितळाला लावू नका.

शिकायला चितळच घ्या. सांबर दोन-चारच्या टोळीत, दाट झाडीत राहतं आणि प्रौढ नर बराच काळ एकटा असतो. भेकर तर बहुधा एकटंच दिसतं. चितळ मोकळ्यावर येतं, संख्येने भरपूर असतं आणि उजेडात चरतं. ताडोब्यातली जामणी आणि नवेगावची कुरणं म्हणजे उठून गेलेल्या गावांची जुनी शेतं. तिथे गवत आखूड आणि नजर लांबवर जाते. पेंच आणि नागझिऱ्यातही तलावाकाठचे गवताळ पट्टे असेच उपयोगी. मुंबईकरांना बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोकळी चितळं पाहता येतात.

महिना निवडताना नरांची शिंगं कुठल्या अवस्थेत असतील याचा विचार करा. मध्य भारतात माजाचा जोर साधारण एप्रिल ते जून असतो आणि त्या सुमारास बहुतेक प्रौढ नरांची शिंगं टणक झालेली असतात. पहिल्या वर्षी याच काळात काम करा. पण चितळांचं वेळापत्रक सगळ्या नरांचं एकसारखं चालत नाही. वर्षाच्या कुठल्याही महिन्यात एकाच कळपात टणक शिंगांचा नर, मखमली (अजून वाढणाऱ्या, मऊ कातडीने झाकलेल्या) शिंगांचा नर आणि नुकतीच शिंगं गळालेला नर शेजारी शेजारी चरताना सापडू शकतो. ही गोष्ट लक्षात राहू द्या, शेवटच्या गणितात तीच सगळ्यात जास्त नडते.

## टप्पा १: साहित्य आणि वहीची आखणी

८×४२ ची दुर्बीण पुरते. जिप्सीत बसून १२ पटीची दुर्बीण हाताने धरली तर चित्र हलतं, आणि आपल्याला तर कान कुठल्या दिशेला आहेत तेही पाहायचंय. झूम लेन्सचा कॅमेरा असेल तर ओळख पटवायला मदत होते. सेकंद दाखवणारं घड्याळ हवं. वही कागदीच ठेवा. काही प्रवेशद्वारांवर मोबाईल आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे मोबाईलमध्ये नोंदी घ्यायची सवय लागली असेल तर ऐन वेळी हात रिकामे राहतात. पेन्सिल दोरीने वहीला बांधा.

वहीत दोन प्रकारची पानं घरीच आखून न्या.

पहिलं पान कळपाचं: तारीख, वेळ, जागा, एकूण संख्या, नर किती (टणक शिंगं, मखमली शिंगं, बिनशिंगी असे वेगळे), माद्या, वर्षाच्या आसपासची पिलं, लहान पाडसं.

दुसरं पान गाठीभेटींचं. प्रत्येक ओळीत सात रकाने: वेळ, सुरुवात कोणी केली, समोर कोण होतं, काय केलं, वाट कोणी सोडली, कशावरून (चारा, पाणी, सावली, मादी, काही नाही), आणि दोघांच्या शिंगांची अवस्था. हा सातवा रकाना बहुतेकजण गाळतात आणि मग वर्षभराच्या नोंदी वाया जातात.

तपासणी: आखलेली वही घेऊन एखाद्या प्राणिसंग्रहालयात एक सकाळ काढा. पुण्याचं कात्रज किंवा गोव्यातलं बोंडला यासाठी चांगलं. तिथल्या नोंदींवरून जंगलातल्या उतरंडीबद्दल निष्कर्ष मात्र काढू नका. गव्हाणीत एकाच जागी चारा टाकला की ढकलाढकल वाढते आणि हरलेल्याला कुंपणामुळे लांब जाता येत नाही. ही सकाळ फक्त हात आणि डोळे एकत्र चालतात का ते पाहण्यासाठी आहे.

## टप्पा २: वेळ, वारा आणि अंतर

उजाडल्यापासूनचे तीन तास आणि मावळतीआधीचे तीन तास कामाचे. दुपारी चितळं सावलीत बसून रवंथ करतात. तेव्हा कोण कुठे बसलं एवढंच लिहिता येतं. उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसणार असाल तर सकाळी उशिरा आणि संध्याकाळी लवकर गर्दी होते, आणि काठावर जागा कमी असल्यामुळे वाट सोडण्याचे प्रसंगही वाढतात.

वारा तुमच्याकडून कळपाकडे वाहत असेल तर जागा बदला. वास लागला की चितळं पळतीलच असं नाही, पण माना वर होतात, पाय आपटले जातात आणि पुढची वीस मिनिटं त्यांचं लक्ष एकमेकांकडे नसून तुमच्याकडे असतं. गाडी ५० मीटरहून जवळ नेऊ नका. चालकाला इंजिन बंद करायला सांगा आणि थांबल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच लिहू नका. कळप पुन्हा मान खाली घालून चरायला लागला की घड्याळ सुरू करा.

इशारा: कळपात कोणी कॉल दिला, म्हणजे धोक्याची ती तीक्ष्ण हाक आली, की गाठीभेटींची नोंद थांबवा. वाघ-बिबट्याच्या भीतीने बाजूला झालेलं जनावर शेजारच्या नराला घाबरून बाजूला झालेलं नसतं.

## टप्पा ३: कळप म्हणजे काय ते ठरवा, मग मोजा

सकाळी साडेसहाला मोजलेली ३४ चितळं साडेआठला १९ होतात आणि वाचक विचारतात, 'बाकीची कुठे गेली?' कुठे गेली नाहीत, चितळाचा कळप असाच असतो. तो सतत फुटतो आणि जुळतो. त्यातल्या त्यात टिकणारा धागा म्हणजे मादी आणि तिची पिलं. प्रौढ नर या टोळीतून त्या टोळीत ये-जा करत राहतात. म्हणून 'हा कळप म्हणजे एक कुटुंब' असं धरून उतरंड काढली तर ती दुसऱ्या दिवशीच मोडते.

त्यासाठी एक साधा नियम धरा आणि तो कधीही बदलू नका: शेजारच्या जनावरापासून ५० मीटरच्या आत असलेलं प्रत्येक जनावर त्याच टोळीतलं. साखळी तुटली की दुसरी टोळी. मोजणी डावीकडून उजवीकडे एकदा, उजवीकडून डावीकडे एकदा. दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. नंतर दर १५ मिनिटांनी पहिलं पान नव्याने भरा.

वर्ग पाडताना चूक होते ती नरांच्या वयात. बारक्या, न फुटलेल्या, खिळ्यासारख्या सरळ शिंगांचा नर म्हणजे बहुधा पहिलंच शिंग आलेलं पोर. पूर्ण वाढलेल्या शिंगाला तीन टोकं असतात: कपाळापाशी पुढे येणारं एक आणि वरच्या बाजूला दोन फाटे. शिंग कितीही मोठं दिसलं तरी मान आणि छाती पाहा. भरलेली जाड मान आणि मानेच्या-चेहऱ्याच्या बाजूचा काळसर रंग हे वय आणि माज दोन्ही सांगतात. शिंग लांब आणि मान बारीक असेल तर तो अजून तरुण आहे.

## टप्पा ४: एकेकाची ओळख पटवा

ओळख पटल्याशिवाय उतरंड काढताच येत नाही. 'एका नराने दुसऱ्याला हुसकलं' ही नोंद वाचायला बरी वाटते, पण तक्त्यात ती कुठे बसवणार?

नरांसाठी शिंगं ही सोपी खूण आहे, पण ती त्या हंगामापुरतीच. कपाळाजवळचं टोक कुठल्या बाजूचं आखूड आहे, वरचा फाटा मोडलाय का, एखादं जादा टोक फुटलंय का, दोन शिंगांमधली रुंदी किती, हे पुढून आणि बाजूने रेखाटा. गळून नवी आली की हे रेखाटन निरुपयोगी.

टिकणारी खूण म्हणजे अंगावरचे ठिपके. प्रत्येक चितळाची ठिपक्यांची मांडणी वेगळी असते आणि ती आयुष्यभर तशीच राहते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी ठिपक्यांची रांग जाते आणि पोटाजवळच्या खालच्या रांगेतले ठिपके कुठे कुठे जुळून तुटक रेघ बनते. अख्खं अंग जुळवायला जाऊ नका. मांडीचा वरचा भाग आणि खांद्यामागचा तळहाताएवढा तुकडा, अशा दोनच जागा निवडा आणि तिथले ठिपके तारकासमूहासारखे आकारात पाहा: तीन ठिपक्यांचा त्रिकोण, शेजारी जोडठिपका, खाली एकटा.

डावी बाजू आणि उजवी बाजू वेगळी असते. डाव्या बाजूचा फोटो उजव्याशी जुळवत बसल्यामुळे एकाच नराचे वहीत दोन नर झालेले आम्ही पुष्कळदा पाहिले आहेत. सगळ्यांची एकच बाजू ठरवा, किंवा दोन्ही मिळेपर्यंत त्या जनावराला नाव देऊ नका.

नावं खुणेवरून द्या: तुटका, कानफाट्या, रुंद. आकड्यांपेक्षा अशी नावं लगेच आठवतात आणि बोलताना घोटाळा होत नाही. 'राजा', 'सरदार' अशी नावं टाळा. नाव तसं पडलं की डोळे त्याला जिंकतानाच पाहतात.

तपासणी: सोबत्याला फोटो मिसळून द्यायला सांगा आणि दहापैकी किमान नऊ बरोबर ओळखता येईपर्यंत पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. सुरुवातीला पाच-सहा नर पुरेत.

## टप्पा ५: इशारे वाचायला शिका

इथे घाई करू नका. चितळांमधले बहुतेक तंटे शिंगाला शिंग न लागताच मिटतात, आणि नवख्या माणसाला त्या वेळी काही घडलंय हेच कळत नाही.

सगळ्यात हलका इशारा म्हणजे नुसतं चालत जाणं. वरचढ नर चरत चरत सरळ रेषेत येतो, दुसरा चार पावलं बाजूला होतो आणि तिथे चरायला लागतो. याला आवाज नाही, झटापट नाही. वहीतल्या सर्वांत जास्त ओळी याच असायला हव्यात. त्या नसतील तर तुम्ही फक्त तमाशा टिपताय.

त्यावरचा इशारा म्हणजे रोखून पाहणं आणि मान खाली करून शिंगांची टोकं समोरच्याकडे वळवणं. कान मागे पडतात. कधी नर मान उंच ताणतो, थूथन वर करतो आणि ताठ पायांनी समोरच्याभोवती फिरतो.

दोघं तोडीस तोड असले की समांतर चाल सुरू होते. ही एकदा नीट पाहून ठेवा. दोन नर आठ-दहा पावलांच्या अंतराने एकाच दिशेला चालू लागतात. अंगावरचे केस उभे राहिल्यामुळे दोघंही एकाएकी मोठे आणि गडद दिसतात. पावलं नेहमीच्या अर्ध्या वेगाने, प्रत्येक पाय जपून टाकल्यासारखा. कोणीच थेट पाहत नाही, तोंड किंचित बाहेरच्या बाजूला वळवलेलं, पण जवळचा कान शेजाऱ्याकडे. डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्याखालची ग्रंथीची फट उघडलेली दिसते. मध्येच एखादा थांबून शिंगांनी गवत उपटतो आणि गवताचा झुपका तसाच शिंगात अडकवून पुढे चालतो. हे दोन-तीन मिनिटं चालतं. मग एकाची मान उतरते, केस बसतात आणि तो जणू आत्ताच भूक लागल्यासारखा चरायला लागतो. तिथे निकाल लागला. मान आधी उतरवली तो हरला. याच क्षणी लोक कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे पाहत असतात.

झुंज दोन प्रकारची असते आणि तिथे गफलत ठरलेली. लुटुपुटुची झुंज तरुण नरांमध्ये रोजची: शिंगं अलगद टेकवतात, डोकी फिरवतात, थांबतात, कान हलवतात, पुन्हा टेकवतात, आणि शेवटी शेजारी शेजारी चरतात. यात हार-जीत नाही, म्हणून तक्त्यात ती धरायची नाही. खरी झुंज आखूड असते. शिंगं जोरात आपटतात, मागचे पाय माती उकरत रोवले जातात, एकजण मागे ढकलला जातो आणि शेवटी वळून पळतो. वळून पळाला तरच हार लिहा.

मखमली शिंगांचा काळ वेगळा. त्या आवरणाखाली रक्त खेळत असतं, शिंग नाजूक असतं, त्यामुळे नर ते आदळू देत नाही. अशा वेळी दोघं मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या खुरांनी एकमेकांवर वार करतात. माद्याही भांडताना हेच करतात.

माजातल्या दोन गोष्टी हमखास चुकीच्या रकान्यात जातात. एक म्हणजे नराचं ओरडणं, तो जाडा, घसा खरडल्यासारखा आवाज. दुसरी म्हणजे मागच्या पायांवर उभं राहून डोक्यावरच्या फांदीला कपाळ आणि शिंगं घासणं. फांदी खायला उभा राहिलाय असं समजून बरेच जण ते सोडून देतात. दोन्ही गोष्टी 'रुबाब' म्हणून वेगळ्या लिहा. समोर कोणी नमतं घेतलं नसेल तर ती जीत होत नाही.

इशारा: माजात नर एका मादीच्या मागे मागे राहतो, तिला हुंगतो आणि दुसरा नर आला की आडवा येतो. याला 'जनानखाना' म्हणू नका. चितळाचा नर माद्यांचा घोळका राखत नाही. माजावर आलेल्या एका मादीजवळ तो थांबतो आणि तिचा काळ संपला की पुढे जातो. घोळका राखणारं हरीण पाहायचं असेल तर ते युरोपातलं लाल हरीण.

## टप्पा ६: नोंद कशी घ्यायची

ज्याच्याकडे लक्ष जाईल ते लिहायचं, ही पद्धत सोपी वाटते पण फसवते. मोठी झुंज दिसते, शांतपणे वाट सोडणं निसटतं. त्याऐवजी एक नर निवडा आणि १५ मिनिटं फक्त त्याच्यावर डोळा ठेवा. तो कोणाजवळ गेला, कोण त्याच्याजवळ आलं, प्रत्येक वेळी कोण हटलं. मग पुढचा नर. क्रम सकाळीच चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर मोठा नर तीनदा आणि बारका एकदाही पाहिला जात नाही.

एकाच जोडीतला तंटा संपून मिनिटभरात पुन्हा सुरू झाला तर तो एकच धरा. रागावलेला नर एका बारक्याला पाच मिनिटांत सहा वेळा पळवतो. त्या सहा जिती लिहिल्या तर तक्ता त्या एका सकाळीचा होऊन जातो.

निकाल स्पष्ट नसेल तर 'अनिर्णित' लिहा. ओढूनताणून विजेता ठरवू नका. या गोष्टी हार-जीत म्हणून लिहायच्याच नाहीत: आईने पाडसाला दूध पिऊ न देणं, कळप हलताना पुढे असणं, पाण्यावर पहिलं पोचणं, गाडीला बुजून सरकणं.

तपासणी: दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता एकाच टोळीची तासभर नोंद घ्या आणि ओळी जुळवा. 'वाट कोणी सोडली' या रकान्यात जिथे फरक पडतो त्यावर बसून बोला. बहुतेक फरक समांतर चालीतच निघतील.

## टप्पा ७: तक्ता आणि गणित

चौकोनी तक्ता आखा. आडव्या ओळीत जिंकणारे, उभ्या रकान्यात हरणारे, दोन्हीकडे तीच नावं त्याच क्रमाने. समजण्यासाठी पाच नरांचं एक कल्पित उदाहरण घेऊ.

- रुंद: कानफाट्यावर ६, लांबटवर ४, तुटक्यावर ३
- कानफाट्या: लांबटवर ५, तुटक्यावर ४, रुंदवर १
- लांबट: तुटक्यावर ३, खिळ्यावर २
- तुटका: खिळ्यावर ४
- खिळा: कोणावरही नाही

नुसत्या जिती मोजून क्रम लावू नका. बारक्यांनाच गाठून जिंकणारा नर त्यात उगाच वर जातो. हरणांसाठी एक सोयीचा निर्देशांक आहे. तो १९७९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ क्लटन-ब्रॉक आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या रम बेटावरच्या लाल हरणांच्या अभ्यासात वापरला. तो असा काढतात:

अंश = ज्यांना हरवलं त्यांची संख्या + त्या हरलेल्यांनी ज्यांना हरवलं त्यांच्या संख्यांची बेरीज + १
छेद = ज्यांनी याला हरवलं त्यांची संख्या + त्या विजेत्यांना ज्यांनी हरवलं त्यांच्या संख्यांची बेरीज + १

दोन्ही बेरजांत स्वतःला धरायचं नाही. आणि हा निर्देशांक किती नरांना हरवलं ते मोजतो, किती वेळा हरवलं ते नाही.

आता रुंदचा काढा. त्याने तिघांना हरवलं. त्या तिघांपैकी कानफाट्याने दोघांना, लांबटने दोघांना, तुटक्याने एकाला, म्हणजे ५. अंश ३ + ५ + १ = ९. त्याला एकाने हरवलं, छेद १ + ० + १ = २. उत्तर ४.५. कानफाट्याचाही असाच काढला तर तोही ४.५ येतो. सहा वेळा हरलेला आणि एकदा जिंकलेला नर बरोबरीला!

इथे सातवा रकाना कामाला येतो. तारीख पाहा. समजा ती एकमेव जीत हंगामाच्या शेवटच्या आठवड्यातली निघाली आणि तेव्हा रुंदची शिंगं गळालेली होती. मग ती नोंद या तक्त्यातली नाहीच. शिंगं गळालेला किंवा मखमली अवस्थेतला नर, अंगाने मोठा असला तरी, टणक शिंगांच्या लहान नरापुढे नमतं घेतो. अवस्था बदलली की जोडीचं नातं बदलतं. त्यामुळे दोघांचीही शिंगं टणक असतानाच्या नोंदींचा तक्ता वेगळा, आणि एकाची टणक, एकाची मखमली असतानाचा वेगळा.

ती नोंद काढल्यावर उत्तरं अशी येतात: रुंद ९, कानफाट्या ३, लांबट १, तुटका ०.२९, खिळा ०.१३. लांबटचं एकदा हाताने करून पाहा: अंश २ + १ + १ = ४, छेद २ + १ + १ = ४. हे जुळलं की पद्धत समजली.

रिकाम्या चौकटी तशाच ठेवा. रुंद आणि खिळा समोरासमोर आलेच नाहीत, तिथे अंदाजाने 'रुंद जिंकला असता' असं भरायचं नाही. पाच नरांच्या दहा जोड्या होतात. इथे आठ भरल्या, दोन रिकाम्या. निम्म्याहून जास्त जोड्या रिकाम्या असतील तर क्रम लावू नका, अजून काही सकाळी घालवा. भरलेल्या जोडीतही किमान पाच स्पष्ट निकाल असले की भरवसा ठेवावा. या उदाहरणातच सहा जोड्या फक्त दोन-तीन-चार निकालांवर उभ्या आहेत, म्हणजे खालच्या तिघांचा क्रम अजून पक्का नाही.

तपासणी: क्रमाच्या उलट्या चौकटी शोधा. खालच्याने वरच्याला हरवलंय का? मग प्रत्येक नोंद वहीत परत पाहा. बहुतेक वेळा ओळख चुकलेली असते, शिंगांची अवस्था बदललेली असते किंवा लुटुपुटुची झुंज मोजलेली असते. तिन्ही नसेल तर ती उलटी चौकट खरी आहे, तिला हात लावू नका. अ हा ब वर, ब हा क वर, आणि क पुन्हा अ वर, असं वर्तुळ खऱ्या कळपातही सापडतं.

## टप्पा ८: माद्यांची उतरंड

नरांच्या उतरंडीवर सगळे लिहितात, माद्यांकडे कोणी पाहत नाही. माद्यांमध्येही वचक असतो, फक्त तो बारीक असतो: कान मागे टाकून थूथन किंचित वर करणं, मान पुढे करून ढुशी दिल्यासारखं करणं, आणि फारच झालं तर मागच्या पायांवर उभं राहून पुढच्या खुरांचा फटका.

मोकळ्या कुरणात गवत सगळीकडे सारखं असतं, भांडायला कारण नसतं, त्यामुळे तासभर पाहूनही ओळ भरत नाही. चारा एका जागी पडतो तिथे थांबा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली फुलांचा सडा पडतो, तिथे पहाटे माद्या खाली मान घालून अगदी जवळ जवळ उभ्या असतात. दुसरी जागा म्हणजे वानरांचं झाड. वानरं वर पाला-फळं तोडून निम्मी खाली टाकतात आणि चितळं खाली गोळा होतात. फांदी पडली की कोण सरसावतं, कोण अर्ध्यात थबकतं, कोण वळसा घालून मागून येतं, हे दहा मिनिटांत कुरणातल्या दोन तासांपेक्षा जास्त दिसतं.

माद्यांना शिंगं नाहीत, त्यामुळे ओळख पूर्णपणे ठिपक्यांवर आणि कानाच्या फाटलेल्या कडांवर. सोबत लहान पाडस आहे की नाही हे प्रत्येक नोंदीत लिहा. चितळाच्या पाडसाला आई सुरुवातीचे दिवस झुडपात लपवून ठेवते, त्यामुळे एकटी दिसणारी मादी पाडसाची आईही असू शकते. ती एका झुडपाकडे वारंवार पाहत असेल तर जागा सोडा. तुमच्या थांबण्यामुळे तिला पाजायला जाता येत नाही.

## ब्रिटनमध्ये असाल तर

लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये लाल हरणं आणि फॅलो हरणं मोकळी आहेत आणि माजाचा काळ सप्टेंबर-ऑक्टोबर. लाल हरणाचा नर मात्र माद्यांचा घोळका राखतो, त्यामुळे टप्पा ५ मधला जनानखान्याचा इशारा तिथे लागू नाही. गर्जना, समांतर चाल, मग झुंज, हा क्रम मात्र तिथे ठळक दिसतो. ५० मीटरचं अंतर तिथे तर जिवासाठी पाळायचं. माजातला नर माणसावरही चालून येतो, आणि दोन नरांच्या किंवा नर-मादीच्या मध्ये सापडणं सगळ्यात धोक्याचं.

## परतताना

गळालेली शिंगं कुरणात पडलेली दिसतात. उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ती बाळगणं गुन्हा ठरतं, आणि साळिंदर, उंदीर ती कुरतडून खनिजं मिळवतात, विशेषतः साळिंदर. जागा मात्र टिपून ठेवा: अमुक दिवशी, अमुक ओढ्याकाठी, डावं शिंग, कपाळाजवळचं टोक आखूड. त्या खुणेचा नर तुमच्या वहीत असेल तर त्याचं टणक शिंगांचं पान त्याच तारखेला बंद करा आणि दुसऱ्या दिवशीपासून त्याच्या गाठीभेटी नव्या पानावर लिहा.